‘घाण’ म्हणजे मुळात नाक

पत्राचा सारांश : विदर्भातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळणाऱ्या एका गुरुजींचे हे पत्र आहे. त्यांच्या वर्गातील एका मुलाच्या आजोबांची गावात तेलघाणी आहे. मुलाच्या कपड्यांना आणि दप्तराला जवसाच्या तेलाचा व ढेपेचा, म्हणजे तेल गाळून उरलेल्या चोथ्याचा, वास असतो, आणि त्यावरून मुले त्याला ‘घान्या’ म्हणतात. गुरुजींनी शब्दकोश उघडला, तेव्हा ‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’ या शब्दापासून आल्याचे त्यांना दिसले. मग एके दिवशी त्यांनी त्या मुलाला वर्गासमोर उभे केले आणि सांगितले की, मूळ अर्थ केवळ ‘वास घेणे’ असा असल्यामुळे या शब्दात लाजण्यासारखे काहीच नाही. वर्ग हसला. त्यानंतर त्यांनी शब्दावरच बंदी घातली, तर मुले त्याला ‘अत्तर’ म्हणू लागली. आता तो आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत येत नाही. आजोबा एकदाच शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि ‘गुर्जी, पोराले सगळ्याईसमोर काहून उभं केलं?’ एवढे विचारून परत गेले. मुख्याध्यापक म्हणतात, विषय सोडून द्या. गुरुजींनी मात्र २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला याच शब्दावर भाषण करायचे ठरवले आहे. त्यांचे प्रश्न असे : ‘घाण’ या शब्दाचा खरा अर्थ कोणता, त्याचा ‘घाणी’शी संबंध आहे की नाही, आणि हे भाषण करावे की करू नये?

प्रिय गुरुजी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘अत्तर’ या शब्दापाशी थांबले. तुमच्या वर्गातील मुले निर्दय असतील, पण भाषेच्या बाबतीत ती फार हुशार आहेत. तुम्ही वाईट शब्द काढून घेतला, तर त्यांनी चांगल्यातला चांगला शब्द उचलला आणि त्याच कामाला लावला. शब्दाची व्युत्पत्ती आणि शब्दाचा घाव या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे त्यांनी तुम्हाला एका दिवसात दाखवून दिले. तरीही तुम्ही व्युत्पत्ती विचारली आहे, आणि ती विचारण्यासारखी आहे, म्हणून आधी तिच्याकडेच वळते.

तुमचा शब्दकोश बरोबर आहे. संस्कृतात ‘घ्रा’ हा धातू हुंगणे या अर्थाचा आहे. ‘जिघ्रति’ म्हणजे तो हुंगतो. त्यापासून ‘घ्राण’ हा शब्द झाला आणि त्यात हुंगण्याची क्रिया, हुंगले जाते तो गंध आणि हुंगणारे नाक असे तिन्ही अर्थ एकत्र नांदले. पुढे जोडाक्षरातला ‘र’ गळला, जसा ‘ग्राम’चे गाव होताना गळतो, आणि प्राकृतात ‘घाण’ उरले. पालीत त्याचे रूप ‘घान’ असे आहे आणि तिथे त्याचा अर्थ सरळ ‘नाक’ हाच आहे. धम्मपद या बौद्ध ग्रंथातल्या भिक्खुवग्ग या प्रकरणाच्या आरंभी डोळा, कान आणि जीभ यांच्या पंक्तीत ‘घान’ बसले आहे, आणि या साऱ्यांवर संयम ठेवणे चांगले, असे तिथे सांगितले आहे. आपल्या वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे तुमच्या वर्गातली मुले ‘घान’ म्हणतात तेव्हा नकळत थेट पालीतला उच्चार करत असतात. गावात बुद्धविहार असेल, तर तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला चक्खु, सोत, घान, जिव्हा हा क्रम विचारून पाहा. तो क्रम तुम्हाला तोंडपाठ ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यात घान हे शरीराचे एक निरुपद्रवी इंद्रिय आहे.

म्हणजे ज्या शब्दाने आज आपण उकिरड्याचे वर्णन करतो, तो मुळात उकिरड्याविषयी नव्हताच. तो उकिरड्याजवळून जाणाऱ्याच्या नाकाविषयी होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

‘घाणा’ आणि ‘घाणी’ हे मात्र वेगळ्या घरचे शब्द आहेत. त्यांचे सगेसोयरे पाहिले की हे लगेच कळते : हिंदीत घानी, गुजरातीत घाणी, कानडीत गाण, तेलुगूत गानुग, आणि या सगळ्यांचा अर्थ तेल गाळण्याचे यंत्र असा. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ वाढून एका वेळी घाण्यात घालायचा माल, आणि तिथून एका वेळी कढईत सोडायचा माल असा झाला. म्हणून भज्यांचा पहिला घाणा निघतो, त्याला कोणी नाक मुरडत नाही, उलट तो पाहुण्यांआधी घरातलीच मुले पळवतात. तेव्हा घाणीवाल्याचा नातू आणि घाण यांचा भाषेच्या दृष्टीने काडीचा संबंध नाही, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. हे पडताळून पाहायचे असेल तर मोल्सवर्थ यांचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. शाळेच्या मोबाइलवरही ते उघडतात.

आता अडचण इथे आहे. हे सगळे खरे असूनही त्या मुलाच्या काही उपयोगाचे नाही. एखाद्या शब्दाचे मूळ निर्मळ असेल, तर त्याचा आजचा अर्थही निर्मळ मानला पाहिजे, असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि शिकलेल्या माणसांकडून ही चूक फार वेळा होते. तुम्हाला एक उदाहरण देते. संस्कृत वैयाकरणांनी ‘व्याघ्र’ या शब्दाची फोड ‘वि’, ‘आ’ आणि तोच ‘घ्रा’ धातू अशी केली आहे : जो विशेष रीतीने हुंगतो तो व्याघ्र. आधुनिक भाषाशास्त्राचा या फोडीवर फारसा विश्वास नाही, पण घटकाभर ती खरी धरू या. मग वाघ आणि घाण हे सख्खे भाऊ ठरतात, एकाच धातूचे, ‘र’ गळण्याची रीतही एकच. तुमच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला ‘वाघ’ म्हणा, तो छाती फुगवील. ‘घाण’ म्हणा, तो रडेल. धातू सांगून त्याचे रडे थांबणार नाही, कारण तो धातूमुळे रडत नाही.

शब्दाचा अर्थ असा खाली घसरतो, त्याला भाषाशास्त्रज्ञ अर्थापकर्ष म्हणतात. वासाच्या शब्दांना तर ही खोडच आहे. फारसीत ‘बू’ म्हणजे कोणताही वास, म्हणून तर ‘खुशबू’ आणि ‘बदबू’ असे दोन वेगळे शब्द करावे लागले, पण हिंदीत नुसते ‘बू’ म्हटले की ती वाईटच. जुन्या इंग्रजीत ‘स्टिंक’चा पूर्वज सुवासालाही चालत असे, आज तो केवळ दुर्गंधीला उरला आहे. याचे कारण फार खोल नसावे. हवा नेहमीसारखी असते तेव्हा आपण नाकाविषयी बोलतच नाही. काही खटकले की बोलतो, आणि मग ज्या शब्दाने बोलतो त्यालाच ते खटकणे चिकटून राहते. ‘गंध’ हा शब्द यातून सुटला तो देवघरात सहाणेवर जाऊन बसला म्हणून, असे मला वाटते. चंदनाचे गंध रोज उगाळले जात असल्यामुळे त्याची प्रतिष्ठा टिकली, आणि वाईट वासासाठी त्याला ‘दुर्’ हा उपसर्ग जोडावा लागला. (तुम्ही मराठीचे शिक्षक आहात म्हणून ओघात सांगते : आपण ‘दुर्गंधी’ हे नाम स्त्रीलिंगी म्हणून सर्रास वापरतो, पण संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या ५.४.१३५ या सूत्रात, म्हणजे नियमात, समासात ‘गंध’चा ‘गंधि’ करणाऱ्या शब्दांमध्ये उत्, पूति, सु आणि सुरभि एवढेच आहेत, ‘दुर्’ नाही. म्हणून ‘दुर्गंध’ म्हणणारे जुने पंडित ‘दुर्गंधी’ ऐकून भुवया उंचावतात. तुम्ही उंचावू नका. मराठीने तो शब्द आपलासा केला आहे.)

‘वास’ या शब्दाची स्थिती सर्वांत पाहण्यासारखी आहे, कारण तो अजून घसरणीच्या मध्यावर उभा आहे. संस्कृतात ‘वास’ म्हणजे सुगंध. मराठीत मोगऱ्याचाही वास असतो आणि मोरीचाही. पण आपल्या बोलण्यातला एक बारकावा ऐका. ‘दुधाचा वास येतो’ म्हटले तर जवळपास कुठेतरी दूध आहे. ‘दुधाला वास येतो’ म्हटले तर ते दूध फेकून द्यायचे आहे. ‘चा’ आणि ‘ला’, एवढाच फरक. ‘चा’ उगम सांगतो, ‘ला’ दोष चिकटवतो. तुमच्या वर्गातली मुले ‘जवसाचा वास येते’ असे म्हणत असती, तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते. ती ‘त्याले वास येते’ असे म्हणतात. यात घाण हा शब्द कुठेही नाही, बंदीही मोडलेली नाही, आणि तरी सगळे बोलून झालेले आहे. म्हणून शब्दबंदीचा मार्ग पुन्हा धरू नका. उद्या ‘अत्तर’ बंद केले, तर परवा मुले नुसते नाक चोळतील, आणि नाक चोळण्यावर बंदी घालणारा आदेश कसा लिहायचा, हे मला तरी सुचत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते, आणि हे लिहिताना मला थोडा संकोच होतो. संपूर्ण पत्रात तुम्ही शब्दाविषयी लिहिले आहे. त्या मुलाच्या कपड्यांना वास येतो की नाही, याविषयी एकच ओझरते वाक्य आहे. चांगली माणसे अशा वेळी वास नाहीच असे धरून चालतात, कारण तो मान्य केला तर आपण चिडवणाऱ्यांच्या बाजूला जाऊ, असे त्यांना वाटते. पण मुलांना नाक आहे. जे त्यांना स्पष्ट कळते ते तुम्ही नाकारले, तर पुढचे तुमचे काहीच त्यांना खरे वाटणार नाही.

जवसाच्या तेलाचा स्वभाव समजून घ्या. त्यातील जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग अशा मेदाम्लाचा असतो, ज्याचा हवेतील प्राणवायूशी फार लवकर संयोग होतो. त्यामुळे ते तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होते आणि कापडावर पडले तर हळूहळू चिकट होऊन वाळते. रंगात आणि वार्निशात ते वापरतात ते याच गुणामुळे. एकदा ते वाळले की साध्या साबणाने निघत नाही, आणि पावसाळी हवेत त्याचा वास अधिक जाणवतो. त्याउलट, घरच्या माणसांना तो वास येतच नाही, कारण सतत असलेल्या वासाची नोंद घेणे आपली घ्राणशक्ती थोड्याच वेळात थांबवते. ते आळशी आहेत किंवा अस्वच्छ आहेत, असा याचा अर्थ नाही. त्यांचे नाक अगदी तुमच्या-माझ्यासारखे चालते आहे.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका पेटीमुळे कळले. अकरावीला मी गावाहून अमरावतीच्या एका वसतिगृहात राहायला गेले. सोबत आईची लोखंडी पेटी होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खोलीतल्या मुलीने ती पेटी उचलून बाहेर वऱ्हांड्यात नेऊन ठेवली. ती काही बोलली नाही, मीही काही विचारले नाही. पेटी माझ्या खाटेखाली का चालत नाही, हे मला समजेना. मी ती आतून पुसली, कडुनिंबाचा पाला घातला, पुन्हा आत आणली आणि ती पुन्हा वऱ्हांड्यात गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि उंबऱ्यातच मला आमच्या घराचा वास आला, जन्मात पहिल्यांदा : चुलीचा धूर, शेणाने सारवलेली जमीन, आणि मागच्या कोठ्यात ढोरांपुढे भिजत टाकलेली सरकीची ढेप. मी दारातच थबकले, तेव्हा आई म्हणाली, ‘काय झालं वं?’ मला काही सांगता आले नाही. त्या मुलीने एकही वाईट शब्द वापरला नव्हता, गुरुजी. तिने शब्दच वापरला नव्हता.

म्हणून तुमच्यापुढे तीन वाटा आहेत, असे समजा. एक मुख्याध्यापकांची, म्हणजे सोडून देण्याची. तिच्यात थोडे शहाणपण आहे, कारण गोष्ट जितकी जाहीर होईल तितकी ती त्या मुलाला चिकटेल, हे त्यांनी ओळखले आहे. पण मूल शाळेतून गळायला लागले असताना सोडून देणे परवडणार नाही. दुसरी तुमची, भाषणाची. यंदाच्या २७ फेब्रुवारीला हे भाषण करू नका, असे मी स्पष्ट सांगते. तुम्ही त्या मुलाचे नाव घेतले नाही तरी सगळ्या शाळेची मान त्याच्याकडेच वळेल, आणि तेलाच्या ‘घाणी’चा ‘घाण’शी संबंध नाही हे सिद्ध करण्यासाठी तुम्हाला ते दोन शब्द तासभर एकमेकांशेजारी उभे करावे लागतील. आधी ते चारदोन टवाळ मुलांनी जोडले होते. मग ते गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून जोडलेले असतील.

तिसरी वाट सावकाशीची आहे आणि ती शाळेबाहेर सुरू होते. आजोबांनी तुम्हाला शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. सगळ्यांसमोर का उभे केले, हे विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. त्यासाठी घाणीवर जावे लागेल, आणि एकट्याने. ‘बाबा, चुकलं माह्यं’ एवढे म्हणण्याला व्युत्पत्तीची जोड देऊ नका. आपण भलेपणाने केले होते, हेही सांगू नका. ते त्यांना ठाऊक आहे, नाहीतर ते फाटकाशी थांबले नसते, थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले असते.

कपड्यांविषयी त्याच भेटीत बोलू नका. आधी वर्गातले हसणे थांबले पाहिजे, मग धुणे. क्रम उलटा झाला तर धुणे ही शिक्षा होईल, आणि स्वच्छ झालास तर माणसात घेऊ, असा त्याचा अर्थ निघेल. चिडवण्यात पुढे असणारी दोन-तीनच मुले असतील, त्यांना एकेकट्याला बोलवा आणि उपदेश न करता विचारा की हे नाव कसे सुरू झाले. बहुतेक वेळा मागे कंचे, क्रिकेटमधला एखादा बाद किंवा घरी ऐकलेले एखादे बोलणे निघते. घरी ऐकलेले असेल, आणि त्या बोलण्यात वासापेक्षा जातीचा दर्प अधिक असेल, तर तो विषय मुलांचा राहत नाही. तेव्हा त्या पालकांशी तुम्हालाच बोलावे लागेल, आणि त्यात मुख्याध्यापकांना सोबत घ्या.

महिनाभराने, मुलगा नियमित येऊ लागला की, कपड्यांचे आईशी किंवा आजीशी बोलता येईल. घाणीवर बसताना वेगळा जुना सदरा, गणवेश आणि दप्तर घाणीच्या खोलीत न टांगता दुसरीकडे, आणि तेल लागलेले कापड वाळू न देता त्याच दिवशी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात. दुसरा गणवेश त्याला मिळाला आहे का, तेवढे शाळेच्या नोंदवहीत पाहा. बोलण्याला सुरुवात करायला एक खरे कारणही आहे : जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला, तर तेल हवेशी संयोग पावताना आतल्या आत तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. ही काळजीची गोष्ट आहे, ती सांगताना कोणाचा मान जात नाही, आणि तिच्या आडून बाकीचे दोन शब्द सहज बोलता येतात.

आणि तुमचा मराठीचा तास? तो मी तुमच्याकडून काढून घेत नाही. फक्त त्याचा विषय बदला. न्यायशास्त्राची, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राची, बाराखडी मानल्या गेलेल्या तर्कसंग्रह या ग्रंथात गंधाची व्याख्या ‘घ्राणाने ग्रहण होणारा गुण’ अशी करून त्याचे दोनच प्रकार सांगितले आहेत : सुरभि आणि असुरभि, चांगला आणि वाईट. तुमचा पाचवीचा वर्ग आज नेमका तिथेच उभा आहे, छान आणि घान. पण मराठी माणसाचे स्वयंपाकघर, वावर आणि कोठा या दोन खणांत मावत नाही. तेल खवट होते, बंद खोली कोंदट होते, ओला बारदाना कुबट लागतो, ताक आंबूस होते, दूध लागले की करपट, मासळी वशट, वेखंड उग्र. कोणी फोडणी दिली तर खमंग. यांतला प्रत्येक शब्द काय झाले आहे ते सांगतो, कोण कसा आहे ते सांगत नाही. मलाया द्वीपकल्पात जहाई नावाचे शिकार करून जगणारे लोक आहेत. त्यांच्या भाषेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की रंगांची नावे आपण जितक्या सहज घेतो तितक्याच सहज ते वासांची नावे घेतात. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांना मिळून त्यांच्याकडे एक शब्द आहे, आणि वाघाला ओढून आणणाऱ्या रक्ताच्या वासाला वेगळा. ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या माणसांना असा शब्द का असावा, हे समजावून सांगावे लागणार नाही.

डबीला भोके पाडून मुलांसमोर ठेवा : एकीत हिंग, एकीत ओल्या बारदान्याचा तुकडा, एकीत सुकलेले मोहफूल, एकीत जुने खोबरे, एकीत घाणेरीचा चुरगळलेला पाला. डोळे मिटून हुंगायचे आणि ‘छान’, ‘घान’ सोडून तिसरा शब्द सांगायचा, एवढाच खेळाचा नियम. जवस यात ठेवू नका, निदान पहिल्या वेळी नको. घाणेरीपाशी थोडे थांबा. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेल्या या झुडपाला मराठीत त्याच्या पाल्याच्या वासावरून घाणेरी म्हणतात, आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात त्याच झुडपाला रायमुनिया म्हणतात. पाला तोच. एकाने नाकाने नाव ठेवले, दुसऱ्याने बहुधा फुले पाहून. इथे, आणि फक्त इथे, तुमचा ‘घ्राण’ काढा : घाण म्हणजे मुळात नाक, आणि एखाद्याला घाण म्हटले की त्याच्याविषयी थोडे कळते, म्हणणाऱ्याच्या नाकाविषयी अधिक. हे मुलांना पाल्यावरून कळेल, तेव्हा माणसावर लावायचे काम ती स्वतः करतील किंवा करणार नाहीत. तुम्ही लावून दाखवू नका. एखाद्या मुलाने विचारले की मग वाईट वासाचा उपयोग काय, तर स्वयंपाकाच्या गॅसचे सांगा : त्या वायूला स्वतःचा असा वास जवळपास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात.

क्रिकेटची बॅट मात्र लक्षात असू द्या. विलोच्या लाकडाच्या नव्या बॅटला जे तेल चोळतात, ते जवसाचेच. हे वर्गात तुम्ही सांगण्यापेक्षा त्या मुलाने खेळाच्या तासाला सांगितलेले मला अधिक आवडेल. त्याला ते माहीत आहे का, हे आधी एकट्यात विचारा. तो तयार नसेल, तर राहू द्या.

ज्या सुना, भाडेकरू आणि वसतिगृहातली मुले मला अशाच अडचणींविषयी लिहितात, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी जोडते. कोणाच्या वासाविषयी बोलणे टाळता येत नसेल, तर ते एकट्यात, एकदाच आणि ‘चा’ लावून बोलावे : ‘कोठ्याचा वास आत येतो, खिडकी लावू का?’ यात सासूबाईंचे घर घाण ठरत नाही. आणि आपल्याविषयी कोणी असे सांगितले, तर लगेच नाही म्हणू नये, कारण स्वतःच्या घराचा वास ही आपल्याला स्वतःहून कळणारी गोष्ट नाही.

तेव्हा गुरुजी, येत्या रविवारी घाणीवर जा. जाताना दोन किलो जवस घेऊन जा आणि गाळून होईपर्यंत तिथेच बसा, घाई करू नका. आजोबांनी ढेप बांधून दिली तर नको म्हणू नका, ती गाडीच्या हँडलला अडकवा आणि शाळेवरूनच घरी या. सोमवारी तुमच्या सदऱ्याला तो वास असेल. पहिल्या बाकावरचा कोणीतरी नाक वर करून ‘सर, हा कायचा वास?’ असे विचारीलच. ‘जवसाचा,’ एवढेच म्हणा आणि हजेरी घ्या.